३०६० की ४०६०?
१०८०पी गेमिंगसाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घ्यावं की ४०६०, हे आधी मदरबोर्ड ठरवेल. ४०६० पीसीआयईच्या (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाच्या) आठच लेन वापरतं. बी४५० सारख्या पीसीआयई जेन ३ (तिसऱ्या पिढीच्या) बोर्डावर या लेनचा वेग जेन ४च्या निम्मा होतो, आणि कार्डाची ८ जीबी मेमरी (व्हीरॅम) भरली की डेटा याच लेनमधून आणावा लागतो, म्हणून गेम अडखळतो. सरासरी एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम) हे लपतं, म्हणून '१% लो', म्हणजे सर्वांत संथ १% फ्रेमचा वेग बघा. गेममधली टेक्स्चरची सेटिंग आवरती ठेवलीत तर ४०६०च पुढे. शिवाय ते ११५ वॅटचं, ३०६० तब्बल १७०. मुंबईत एसीविना खेळणाऱ्यांना हा फरक घामातून कळतो! ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) किंवा एआय मॉडेल चालवायची असतील तर मात्र १२ जीबीचं ३०६०. लॅमिंग्टन रोडवर घेताना खोक्यावर '१२ जीबी' वाचूनच पैसे द्या; ८ जीबीचंही ३०६० मिळतं, पण त्याची मेमरी बस (मेमरीतून डेटा नेणारा रस्ता) १९२ ऐवजी १२८ बिटची, म्हणजे अरुंद आहे.