चॅटबॉट बनवताना तुमचं आधीचं कोणतं काम कामी आलं? (अनुभव धागा)

ऐरोली-महापे पट्ट्यात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वाट्याला हल्ली चॅटबॉटचं काम आलंय. ठाण्यात-वाशीत घरच्या धंद्यासाठी स्वतःच बॉट करून घेणारेही आहेत. नवी मुलं मला विचारतात, "आधी पायथन शिकू की मशीन लर्निंग?" दोन्ही शिका. पण आमच्या टीममध्ये सगळ्यांत चांगले संवाद लिहिते ती मुलगी मानसशास्त्राची बी.ए. आहे, आणि मला हा योगायोग वाटत नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा सुरुवातीचा चॅटबॉट लिहिला. ते संगणकातले, पण एलायझाची बोलण्याची धाटणी त्यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या मानसोपचार पद्धतीवरून घेतली. १९७२ मध्ये 'पॅरी' हा चॅटबॉट करणारे केनेथ कोल्बी तर स्वतःच मनोविकारतज्ज्ञ. माणसासारख्या बोलणाऱ्या चॅटबॉटसाठीचं लोबनर पारितोषिक पाच वेळा मिळवणाऱ्या 'मित्सुकू'चे कर्ते स्टीव्ह वर्सविक आधी नृत्यसंगीत करायचे.

तर लिहा. आधी काय करत होता आणि त्यातलं नेमकं काय उपयोगी पडलं? डिग्रीचं नाव नको, प्रसंग सांगा.

कोपरखैरणे, आधी कॉल सेंटर

मी बरीच वर्षं वीजबिलांच्या तक्रारींचे फोन घेतले. आता त्याच विषयाच्या बॉटसाठी उदाहरणवाक्यं लिहिते. माणसाला काय हवंय ते ओळखता यावं म्हणून बॉटला एकेका 'इंटेंट'साठी, म्हणजे बोलणाऱ्याच्या हेतूसाठी, भरपूर वाक्यं द्यावी लागतात. माझ्या हातात आलेल्या यादीत होतं, "माझे वीज देयक अधिक आले आहे." फोनवर असं कुणी बोलत नाही हो. लोक म्हणतात, "मीटर नुसता पळतोय." "आम्ही महिनाभर गावाला होतो, घराला कुलूप." "एसी नाही, गिझर नाही, दोन माणसं आम्ही." या तिन्हींत बिलाचं नावही नाही, आणि तक्रार तिघांची एकच. अशी वाक्यं टेबलाशी बसून सुचत नाहीत, ती कानात साठलेली असावी लागतात.

दुसरं म्हणजे चिडलेला माणूस ओळखणं. वैतागला की माणूस तुटक बोलायला लागतो. चॅटमध्येही तेच: "नाही." "अहो नाही." "माणूस द्या." म्हणून मी आग्रह धरला की दोनदा उत्तर चुकलं तर बॉटनं तिसऱ्यांदा प्रयत्न करू नये. संवाद माणसाकडे सोपवावा आणि आधीचं सगळं बोलणं त्या माणसाच्या स्क्रीनवर दिसावं. "पुन्हा पहिल्यापासून सांगा" म्हटल्यावर समोरचा कसा भडकतो, ते मी रोज ऐकलंय. ही अट मान्य करून घ्यायला मला भांडावं लागलं, आणि मी पुन्हाही भांडेन.

नौपाडा, निवृत्त शिक्षिका

मी शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर भाच्यानं त्यांच्या बॉटचं मराठी तपासायला बोलावलं. विषय पाणीपुरवठ्याचा. 'पाणी' लिहिलं की बॉट नीट चाले, 'पाण्याचा टँकर' किंवा 'पाण्याबद्दल' आलं की अडे. मुलांनी शब्द जसाच्या तसा शोधायला लावला होता. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दच रूप बदलतो. ठाणे असतं, पण आपण जातो ठाण्याला आणि निघतो ठाण्याहून. मी त्यांना सामान्यरूपाचे नियम फळ्यावर लिहून दिले, त्यांनी ते कोडमध्ये बसवले. एआयची मोठी भाषा-मॉडेलं हे बरंचसं आपोआप सांभाळतात म्हणे, पण भाच्याच्या त्या छोट्या, नियमांवर चालणाऱ्या बॉटला ते शिकवावंच लागतं.

मग निघाला बॉटच्या लिंगाचा प्रश्न. एका उत्तरात "मी मदत करू शकतो", पुढच्यात "मी शोधते". इंग्रजी मजकुरावरून भाषांतर केलं की हे असं होणारच, कारण तिकडे क्रियापद काही बोलत नाही. मी सगळी उत्तरं फिरवून घेतली: "माहिती इथे मिळेल", "तक्रार नोंदवली आहे". आणि वाचणाऱ्याला सगळीकडे 'तुम्ही'. सत्तरीच्या आजोबांना यंत्रानं अरे-तुरे केलेलं मला चालणार नाही.

तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट

मी प्रोग्रामर नाही, वडिलांच्या गाळ्यावर हिशेब बघतो. शेतकऱ्यांसाठी व्हॉट्सअॅपवर भाव सांगणारा बॉट केलाय. कोड लिहावा लागत नाही असं टूल घेतलं, मागे एक साधी शीट आहे.

फोनवर शेतकरी एवढंच विचारतो, "काय चाललंय आज?" आम्हाला आवाजावरून कळतं माणूस कुठला आणि माल कोणता. बॉटला कसं कळणार? म्हणून तो एकच प्रश्न विचारतो, कांदा की बटाटा. प्रत, गोण्या, गाव असलं काही विचारत बसत नाही, चार प्रश्न विचारले की माणूस फोन खिशात टाकतो. बाकी तो न विचारता सांगतो: किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, आवक, आणि हा भाव किती वाजताचा. नुसता कमाल भाव कधीच सांगू नये. तो निवडक मालाला मिळालेला असतो, आणि ऐकणारा धरून चालतो की आपल्यालाही तोच मिळणार. सकाळचा भाव दुपारी राहीलच असं नाही. त्यावर विसंबून जुन्नरहून कुणी गाडी भरली तर नुकसान त्याचं होतं. हे गाळ्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

कळवा

हौशी एकांकिका लिहितो. बॉटचं प्रत्येक उत्तर मोठ्यानं वाचून बघतो. एका दमात म्हणता आलं नाही तर तोडतो.

नेरूळ, समुपदेशक

वर एलायझाचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीला तो नुसता प्रोग्रॅम आहे हे माहीत होतं, तरी त्याच्याशी बोलताना तिनं त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. मला हा किस्सा कामात फार जवळचा वाटतो.

मी विद्यार्थ्यांसाठीच्या एका बॉटवर काम केलं. विषय साधे, फी, परीक्षा, हॉस्टेल. पण मध्यरात्री मुलं तिथे लिहितात, "कशालाच अर्थ नाही." तांत्रिक यादीत हे वाक्य 'न समजलेले प्रश्न' या गठ्ठ्यात पडलेलं असतं, आणि बॉट म्हणतो, "कृपया वेगळ्या शब्दांत विचारा." मी तो सगळा गठ्ठा वाचून अशी वाक्यं वेगळी काढली. त्यांना आता माणसानं लिहिलेलं, ठरलेलं, छोटं उत्तर जातं आणि सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. इथे बॉटनं स्वतःच्या मनानं एक वाक्यही रचू नये, यावर मी ठाम आहे.

घोडबंदर रोड, ग्रंथपाल

आमच्याकडे मोठ्या भाषा-मॉडेलला संस्थेची परिपत्रकं जोडली आहेत. प्रश्न आला की संबंधित कागद शोधून त्यावरून उत्तर तयार होतं. अडचण अशी की एकाच नियमाचे तीन-तीन कागद होते आणि बॉट जुना उचलायचा. मी प्रत्येकाला तारीख लावली, विषय लावला, कोणत्या कागदाची जागा याने घेतली ते नोंदवलं, रद्द झालेले बाहेर काढले. मॉडेलला कुणी हात लावला नाही, तरी उत्तरं सुधारली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. तिथल्या वर्गवारीवर वाढलेल्या माझ्यासारखीला हे काम नवं नव्हतं.

नौपाडा, निवृत्त शिक्षिका

तुर्भेच्या दादांना विचारायचंय, शेतकरी टाइप करतात की बोलून पाठवतात?

तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट

बाई, बहुतेक जण बोलूनच. तिथेच अडतंय. "काल साडेबाराशे होता ना?", "सव्वाशे गोणी आहेत", "पावणेदोन हजारला जाईल का?" हे आकडे यंत्राला नीट कळत नाहीत. म्हणून ऐकलेला आकडा बॉट आधी अंकात लिहून दाखवतो आणि मगच पुढे जातो. सव्वा, दीड, अडीच, पावणे यांची एक यादी केलीय. तपासून द्याल का?

नौपाडा, निवृत्त शिक्षिका

पाठवा, आजच बघते. त्यात 'पाऊणशे' आणि 'औट' (म्हणजे साडेतीन) आहेत का बघा, जुनी माणसं अजून वापरतात.