मदत हवी आहे: अर्धा मादी, अर्धा नर काडीकिडा रंगासकट कसा जपायचा?

परडेकर (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. काडीकिडे पाळणारे किंवा कीटकसंग्रह करणारे कुणी असाल तर जरा लवकर सांगा.

घरामागच्या परड्यात पेरूवर काडीकिडे असतात. त्यांच्या अंड्यांतली पिल्लं जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतोय. जात अजून कुणी नक्की सांगितलेली नाही. मादी जाड, हिरवी, पंख नावापुरते. नर काटकुळा, तपकिरी, चांगला पंखवाला. परवा एकाने शेवटची कात टाकली आणि बघतो तर डावी बाजू मादी, उजवी नर! डोक्यापासून टोकापर्यंत मधोमध रेघ. डावीकडे पंखाचा जेमतेम टिकला, उजवीकडे अख्खा पंख. मादीची बाजू लांब वाढल्याने पोट उजवीकडे वाकलंय, त्यामुळे चालतानाही तो तिरकाच जातो.

अशा किड्याला गायनँड्रोमॉर्फ म्हणतात एवढं वाचलंय. डायफेरोडेस गिगँटिया या कॅरिबियन जातीचा असाच एक २०२२ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला मिळाला, तोही एका हौशी पाळणाऱ्याकडूनच.

मला हा नीट जपायचाय. पण मेलेल्या काडीकिड्याचा हिरवा रंग बघता बघता वाळल्या गवतासारखा होतो. मग दोन्ही बाजू तपकिरीच दिसणार, आणि सगळी गंमतच गेली. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते. अल्कोहोलमध्ये ठेवू की वाळवू? आत्ताच फ्रीजरमध्ये टाकू की मरेपर्यंत थांबू? याच घाण्यात एक लिंबासारखी पिवळी मादीही निघालीय, तीही ठेवायचा विचार आहे.

कीटकवेडा (पुणे)

परडेकर, नशीबवान आहात! आधी एक करा, आत्ता मारू नका. नुकतीच कात टाकलेल्याचं कवच कोवळं असतं, वाळताना ते आक्रसतं. कडक होऊ द्या. तोवर दिवसाच्या उजेडात वरून, खालून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. रंगाचा खरा पुरावा फोटोच.

अल्कोहोल रंगासाठी नको, त्यात हिरवा उतरतो. हा रंग मोरपिसाच्या निळ्यासारखा रचनेतून आलेला नसतो, रंगद्रव्याचा असतो. आतडं आत राहिलं की कुजून पोट काळं पडतं, म्हणून ते काढायचं. पोटाच्या खालच्या अंगाला बारीक चीर द्या, पण मधोमध नाही, एका कडेला. मधली रेघ हीच तुमच्या नमुन्याची किंमत आहे. बारीक चिमट्याने आतलं सगळं ओढून काढा आणि कापसाची पातळ वात भरा. शेवटच्या दोन-तीन वलयांना हात लावू नका, नर-मादीचे अवयव तिथे आहेत, जात ठरते तीही तिथूनच.

मग अ‍ॅसिटोन. किडा त्यात बुडवून ठेवायचा; चतुरांचे रंग टिकवायला हे सर्रास वापरतात. काडीकिड्यावर आधी एका साध्या हिरव्या मादीवर करून बघा. नेलपॉलिश काढायचं चालणार नाही, शुद्ध हवं, आणि चुलीपासून लांब. बाहेर काढल्यावर थेट थर्मोकोलवर ठेवू नका, थर्मोकोल विरघळून पायांना चिकटतं.

पिवळीबद्दल घाई नको. दक्षिण भारतातल्या कॅरॉसियस मोरोसस या काडीकिड्यात हिरवे, तपकिरी असे किती तरी रंग दिसतात, आणि तोच किडा रात्री गडदही होतो, कारण कातडीच्या पेशींतले रंगकण जागा बदलतात. तिची अंडी वेगळ्या डबीत ठेवा आणि पुढची पिढी काय रंगाची निघते ते बघा. डबी मुंग्यांपासून सांभाळा.

आबल्या

जितां आसा तोपर्यंत रवांदेत तेका. पेरूचो पालो घाल नि गप बस.

रानवाट (सावंतवाडी)

आबल्या, पटलं. मीही मरेपर्यंतच थांबेन. पण मग सकाळ-संध्याकाळ बघावं लागेल. आपल्याकडच्या उकाड्यात मेलेला किडा तासाभरात मुंग्यांच्या स्वाधीन. पाय सोडून दिला, मिशा लोंबल्या की सरळ फ्रीजर.

परडेकरदादा, चिठ्ठी विसरू नका: गाव, तारीख, झाड, कोणी पाळला. चिठ्ठीशिवाय तो शोकेसचा तुकडा, नमुना नव्हे. काडीकिड्यांत बऱ्याच जातींत मादीला दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि नराला एकच. सुरुवातीच्या पेशीविभाजनात एका बाजूचा एक एक्स गळाला तर ती बाजू नर होते. किड्यांत नर-मादी ठरवणारं संप्रेरक सगळ्या अंगभर फिरत नाही, म्हणून तर रेघ एवढी स्वच्छ. कुणाला हे तपासायचं असेल तर दोन्ही बाजूंचा एकेक मधला पाय पंचाण्णव टक्के अल्कोहोलमध्ये लागेल. पण आधी विचारा, मग तोडा. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) आहे.

तुमचा परड्यातला आहे म्हणून ठीक. अभयारण्यातून काही उचलायचं नाही. आणि फोटो फिरला की परदेशी संग्राहक भाव विचारतील. जैवविविधता कायदा, २००२ आहे, परवानगीशिवाय त्यांना काही पाठवू नका.

परडेकर

सगळ्यांचे आभार. थांबतोय. फोटो आज काढले, पट्टी ठेवून. आकुर्डीला मेल करतो. अ‍ॅसिटोन कुडाळात मिळेल, पण डब्यातली ओल शोषायला सिलिका जेल? चपलांच्या खोक्यातल्या पुड्या चालतील का, की भिजलं की रंग बदलणारं दाणेदारच हवं? आणि डांबराच्या गोळ्या त्याच डब्यात टाकू का?