कानडी-तेलुगू घरातल्या मुलीचे नाव : अर्थ, उगम आणि निवड याविषयी सल्ला हवा

विचारणारा : पुढच्या आठवड्यात आमच्या मुलीचे बारसे आहे आणि नावाचा निर्णय अजून झालेला नाही. आमचे घर सोलापुरातल्या पुष्कळ घरांसारखेच आहे. आम्ही घरात कानडी बोलतो, पत्नीचे माहेर पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू, शाळा आणि बाजार मराठीत आणि भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी उर्दू बोलणारे. वडिलांना त्यांच्या आजीचे, म्हणजे तिप्पव्वाचे, नाव नातीला द्यायचे आहे. पत्नीला वाटते की शाळेत मुले त्या नावाची चेष्टा करतील. सासूबाईंनी मोबाईलवरच्या याद्यांतून कियारा आणि मायरा ही दोन नावे काढून ठेवली आहेत. तिप्पव्वा या नावाचा अर्थ काय, या याद्यांमधल्या अर्थांवर कितपत विसंबावे आणि दोन्ही घरांत सहज उच्चारले जाईल असे कोणते नाव सुचवाल?

कोशवाचक : तिप्पव्वापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नातले सर्वांत मोलाचे नाव तेच आहे. कानडीत ‘तिप्पे’ म्हणजे उकिरडा आणि ‘अव्वा’ म्हणजे आई. नाव ऐकून कुणाला हसू येईल, पण ते ठेवणाऱ्यांना हसण्याची चैन परवडणारी नव्हती. आधीची मुले दगावली की पुढच्या बाळाला मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव द्यायचे, काही ठिकाणी तर त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचलायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि यमाचेही लक्ष जात नाही, अशी समजूत होती. मराठीतले केरबा, दगडू, धोंडू आणि भिकू त्याच समजुतीतून आलेले आहेत. तेलुगूत ‘पेंट’ म्हणजे उकिरडा, म्हणून पेंटय्या आणि पेंटम्मा. तेव्हा तुमच्या सासुरवाडीच्या जुन्या पिढ्यांत यांपैकी एखादे नाव निघाले, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असेही नाही. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८९ मध्ये जन्मलेल्या मुलाचे लाडके नाव ‘सुते’, म्हणजे टाकून दिलेला, असे ठेवले. तो मुलगा दोन वर्षांचा असताना वारला. १५९३ मध्ये दुसरा झाला, तेव्हा त्याला ‘हिरोई’, म्हणजे उचलून आणलेला, म्हणू लागले. तुर्की लोकांमध्ये दुर्सुन हे नाव आजही आढळते आणि त्याचा अर्थ ‘राहो, टिको’ असा आहे. या नावांची गल्लत नकुशाशी मात्र करू नये. नकुशा हे नाव मुलगी नको होती म्हणून ठेवलेले असते, आणि त्यामुळेच २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. तुमच्या तिप्पव्वा मात्र बहुधा फार हव्याहव्याशा असलेल्या मुलगी असाव्यात.

आता याद्यांविषयी. माझा अनुभव असा की तिथले बरेचसे अर्थ नाव खपावे म्हणून लिहिलेले असतात. ‘आरव’ या नावापुढे सर्रास ‘शांत’ असे लिहिलेले सापडते; संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. (ज्यांच्या घरी आरव आहे त्यांना खरा अर्थ केव्हाच कळला असेल.) कियाराचे दोन उगम सांगतात आणि ते एकमेकांच्या नेमके विरुद्ध आहेत : इटालियन कियारा लॅटिनमधल्या ‘तेजस्वी, स्वच्छ’ या शब्दावरून आले, तर त्याच अक्षरांच्या जवळ जाणारे आयरिश नाव ‘काळा’ या अर्थाच्या शब्दावरून. मायरा हे संस्कृत नाव असल्याचे लिहिलेले दिसते, पण संस्कृत कोशात ते मिळत नाही. ते इंग्रजी कवितेतून रूढ झालेले नाव आहे. नाव आवडले तर जरूर ठेवावे, पण अर्थ ज्या भाषेतला सांगितला आहे त्या भाषेच्या कोशात एकदा पाहावा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मराठीचा मोल्सवर्थ, संस्कृतचा आपटे, तेलुगूचा ब्राऊन आणि उर्दूचा प्लॅट्स हे कोश विनामूल्य चाळता येतात. कानडीसाठी किट्टेल यांचा १८९४ चा कोश अजूनही उपयोगी पडतो.

पूर्वभागकर : वरील प्रतिसादात एक भर घालतो. कानडीत ‘अव्वा’ म्हणजे आई, पण आमच्या तेलुगूत ‘अव्वा’ म्हणजे आजी किंवा म्हातारी बाई. तेव्हा तिप्पव्वा हे नाव जसेच्या तसे ठेवल्यास पाळण्यातल्या मुलीला आजोळी सगळे आजीबाई म्हणतील, याची कल्पना वडिलांना आधीच द्यावी.

माझी सूचना ‘मल्लिका’ अशी आहे. मल्लिका म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल. त्यालाच कानडीत मल्लिगे आणि तेलुगूत मल्ले म्हणतात, त्यामुळे दोन्ही आज्यांना ते आपल्याच भाषेतले वाटेल. शिवाय श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे नाव त्यात येते, आणि श्रीशैलला ज्यांची श्रद्धा आहे अशी घरे तुमच्याकडेही असतील आणि आमच्याकडेही आहेत.

लष्करकर : मल्लिकाला माझे अनुमोदन आहे. उर्दूत ‘मलिका’ म्हणजे राणी. शब्द वेगळा, मूळ अरबी, आणि ‘ल’ एकच. पण तुमच्या शेजारच्या खालांना ते नाव ऐकून आनंदच होईल. असे योगायोग आपल्या शहरात नवे नाहीत. आमच्या गल्लीत दोन समीर आहेत. एकाचे नाव संस्कृत, म्हणजे वारा, आणि दुसऱ्याचे अरबी, म्हणजे रात्री गप्पांना सोबत करणारा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावेच पाहा : मल्लप्पा कानडी वळणाचे, किसन हे कृष्णाचे बोलीतले रूप, जगन्नाथ शुद्ध संस्कृत आणि कुर्बान हुसेन अरबी.

विचारणारा : सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिप्पव्वाचा अर्थ वडिलांना वाचून दाखवला. त्यांना तो ठाऊक होता, आम्हालाच नव्हता. त्यांच्या आजीच्या आधीची दोन भावंडे गेली होती, असे त्यांनी सांगितले. आता ते म्हणतात की शब्द बदलला तरी चालेल, पण नावामागचा हेतू तोच राहावा. मल्लिका सर्वांना आवडले आहे, पण त्यात तो हेतू येत नाही.

कोशवाचक : मग ‘अक्षता’ या नावाचा विचार करावा. क्षत म्हणजे जखम, इजा. जिला इजा पोहोचलेली नाही ती अक्षता. तिप्पव्वा या नावाने मृत्यूला चकवून जे मागितले होते, तेच हे नाव उघडपणे मागते. सोलापुरात तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागणार नाही, कारण संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला अवघे शहर लोटते. कानडी आणि तेलुगू घरांतही हे नाव चांगले रुळलेले आहे.

पूर्वभागकर : नाव उत्तम आहे, परंतु इंग्रजी स्पेलिंग आताच ठरवून टाका. आमच्याकडे आणि कर्नाटकात ‘त’साठी टी आणि एच अशी दोन अक्षरे लिहितात, महाराष्ट्रातला कारकून तेच ‘थ’ वाचतो आणि मराठी रकान्यात अक्षथा लिहून मोकळा होतो. माझ्या भाचीच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे असे झाले आणि दहावीच्या अर्जाच्या वेळी प्रतिज्ञापत्रापर्यंत जावे लागले.

विचारणारा : घरात अक्षतावर एकमत झाले आहे आणि मल्लिका हे पाळण्यातले दुसरे नाव ठेवू. जन्माची नोंद रुग्णालयातून नावाशिवाय झाली आहे. नाव घालायला उशीर झाला असे तर होणार नाही ना?

लष्करकर : नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती झालेली आहे. नाव नंतर घालता येते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत मुभा आहे. तरीही बारसे झाल्यावर लगेच महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन यावे, आणि दाखला हातात पडल्यावर खिडकीपासून हलण्याआधी मराठी व इंग्रजी दोन्ही रकाने वाचून पाहावेत.