देश कर्जात बुडतो तेव्हा दोष कुणाचा? तुमचे अनुभव लिहा

कर्ज फेडू न शकलेल्या देशांबद्दल बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. "लोक ऐतखाऊ, पुढारी चोर" हा एक, आणि "सावकारांनी गळा आवळला" हा दुसरा. दोन्ही ऐकून मी अस्वस्थ होते, कारण त्या दिवसांत तिथे राहिलेल्या माणसाचा आवाज दोन्हींत नसतो. आपल्यातले बरेच जण नोकरी-शिक्षणानिमित्त अशा देशांत राहून आले आहेत, त्यांनी लिहावं. काय पाहिलं, तेव्हा कुणाला दोष दिला, आज कुणाला देता? कंपन्यांची, बँकांची, ओळखीच्यांची नावं नकोत. आणि एक खास विचारायचं आहे: त्यात आपलाही वाटा होता असं कधी वाटलं का?

कोलंबो, २०१९ ते २०२२

औषधं आयात करणाऱ्या कंपनीत मी हिशेब सांभाळत होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि लगेच व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर आला. ऑफिसात सगळे खूश, मीही. सरकारची तिजोरी मग कशाने भरणार, हा प्रश्न हिशेब कळणाऱ्या आम्हा एकालाही पडला नाही. त्याच वर्षी ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन झोपलं होतं. पुढे कोविड आला. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि भाताचं पीक घसरलं. रुपया मात्र डॉलरला दोनशेच्या आसपास धरून ठेवला होता, आणि त्यापायी देशाकडची डॉलरची गंगाजळी आटत चालली होती.

आम्हाला ते बँकेत कळलं. एलसी, म्हणजे परदेशी विक्रेत्याला बँकेने द्यायची पैशांची हमी, उघडायला गेलं की मॅनेजर म्हणायचे, "डॉलर आले की फोन करतो." फोन यायचा नाही. मार्च २०२२ च्या अखेरीला दिवसाचे तेरा तास वीज नसायची. डायलिसिसच्या सामानासाठी रुग्णालयांतून फोन यायचे. गोदामात काय उरलंय ते मला तोंडपाठ होतं, आणि कुणाला किती द्यायचं याची यादी मलाच करावी लागायची. ती यादी अजून स्वप्नात येते.

१२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली तेव्हा लोक खचले. मला मात्र हायसं वाटलं, उरलेले डॉलर आता तरी औषधांना मिळतील म्हणून. जानेवारीतच रोखेधारकांचे, म्हणजे सरकारचे कर्जरोखे घेतलेल्या गुंतवणूकदारांचे, पन्नास कोटी डॉलर ठरल्या तारखेला चुकते केले होते. करकपात मी समजू शकते, खतबंदीही एक वेळ समजू शकते. ते पन्नास कोटी मला माफ करता येत नाहीत.

लंडन, २०१२ ते २०१९

वरचं वाचून राहवलं नाही. त्या पन्नास कोटींच्या पलीकडच्या बाजूला माझ्यासारखी माणसं बसलेली असतात. मी एका फंडात अशाच देशांचे डॉलर रोखे बघायचो. २००८ च्या मंदीनंतर श्रीमंत देशांतले व्याजदर शून्याला टेकले होते, त्यामुळे सहा-सात टक्के देणारा कुठलाही देश बाजारात आला की आमची झुंबड उडायची. आमच्या तक्त्यात देश, पतमानांकन, व्याज, मुदत असे रकाने होते. पैसे कशासाठी हवेत, हा रकाना नव्हता.

मोझांबिकची गोष्ट सांगतो. तिथल्या सरकारी कंपन्यांनी संसदेला अंधारात ठेवून सरकारी हमीवर शंभर कोटी डॉलरहून जास्त कर्ज काढलं होतं, ते २०१६ मध्ये उघड झालं. किनाऱ्याची राखण आणि जहाजांची देखभाल अशी कारणं कागदावर होती. हमीवर सही मंत्र्याची, पण कर्ज जुळवून देणाऱ्या बँका युरोपातल्या. देशाच्या संसदेने मंजुरी दिली आहे का, एवढं विचारायला किती वेळ लागला असता?

माझं म्हणणं साधं आहे. जोखीम आहे म्हणून तर आम्ही जास्त व्याज घेत होतो. ती जोखीम खरी ठरल्यावर मुद्दलही पुरतं हवं असं म्हणणं मला आज लाजिरवाणं वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं, आणि त्या कामाचा बोनस मी दर वर्षी घेतला आहे.

अथेन्स, २०१५

संशोधनासाठी गेले होते. घरमालकीण सत्तरीच्या, पेन्शनवर जगणाऱ्या. २९ जूनला बँका बंद झाल्या. एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळायचे, पण या बाईंकडे कार्डच नव्हतं. अशा पेन्शनरांसाठी काही शाखा उघडल्या, तिथे आठवड्याला १२० युरो. मी त्यांच्याबरोबर पहाटेपासून रांगेत उभी होते. माझं कार्ड परदेशी, त्याला मर्यादा नव्हती. हे त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले.

२०१० मध्ये उपपंतप्रधान पांगालोस संसदेत म्हणाले होते, "आपण सगळ्यांनी मिळून खाल्लं." त्या वाक्याची चीड बाईंच्या मनातून गेली नव्हती. पण त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरला पाकीट दिलंय. नळवाल्याला पावतीशिवाय पैसे दिलेत. ते माझं. पण हिशेबाची वही माझ्याकडे नव्हती." वही खरोखरच खोटी होती. २००९ मध्ये नव्या सरकारने आकडे उघड केले, तेव्हा तूट आधी सांगितलेल्याच्या दुपटीहून मोठी निघाली.

नंतर मी त्याच विषयावर काम केलं. २०१० मध्ये युरो वापरणारे देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ग्रीसला देऊ केलेल्या ११० अब्ज युरोंच्या मदतीतला मोठा भाग जुन्या सावकारांची देणी भागवण्यातच गेला. कर्जाची पुनर्रचना लांबली आणि त्या अवधीत खासगी सावकारांना अंग काढून घेता आलं, हे नाणेनिधीने २०१३ मध्ये स्वतःच लिहिलं. तोवर बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली होती. बाईंचा मुलगा त्यातलाच एक.

मस्कत, १९९०-९१

मी वयाने सगळ्यांत मोठा असेन. कुवेतवर हल्ला झाला, तेलाचे भाव भडकले आणि भारताकडची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरल्याच्या बातम्या येऊ लागल्या. माझी परकीय चलनातली ठेव भारतातल्या बँकेत होती. बरोबरचे काढत होते, मीही काढली. जुलैत वाचलं की ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण पडलं. ऐंशीच्या दशकातली सरकारी उधळपट्टी, अल्पमुदतीची कर्जं, ही मोठी कारणं मला माहीत आहेत. तरीही, धाग्यात विचारलंय म्हणून सांगतो: हो, माझा वाटा होता. मुलीच्या शिक्षणाचे पैसे होते, आज तीच वेळ आली तर पुन्हा काढीन. म्हणूनच पळणाऱ्या ठेवीदाराला मी दोष देत नाही. पळून जाईल अशा पैशावर देशाचा गाडा हाकणाऱ्याला देतो.

ब्यूनोस आयर्स, २००१-०२

थोडक्यात लिहितो. अर्जेंटिनात दहा वर्षं एक पेसो म्हणजे एक डॉलर, असा कायदाच होता. डिसेंबर २००१ मध्ये खाती गोठली, आठवड्याला २५० पेसो मिळायचे, आणि लोक रस्त्यावर पातेली बडवत होते. पुढे डॉलरमधल्या ठेवी डॉलरमागे १.४० पेसो या दराने बदलल्या, तर डॉलरमधली कर्जं एकास एक. २००२ च्या मध्यापर्यंत डॉलर तीन पेसोंच्या वर गेला होता. आमच्या मजल्यावर एका घरात ठेव होती, समोरच्या घरात कर्ज. चूक दोघांचीही नव्हती, पण एक बुडालं आणि दुसरं तरलं. त्यांचं बोलणं बंद झालं ते मी परत येईपर्यंत बंदच होतं.

पुन्हा कोलंबोतून

लंडनच्या अनुभवाबद्दल आभार. असं कुणी कबूल करताना मी पहिल्यांदाच वाचलं.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे हा प्रश्न न्यायालयात गेला. १४ नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने दोन माजी राष्ट्राध्यक्ष, माजी अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर यांना नावानिशी जबाबदार धरलं. त्यांनी जनतेचा विश्वासघात केला, असं म्हटलं. जुनी सहकारी फोनवर रडली. तिची आई जून २०२२ मध्ये गेली, औषध मिळालं नव्हतं.

निकालात शिक्षा नव्हती, फक्त अर्जदारांना खटल्याचा खर्च द्यायचा होता. दीड महिन्याने, १ जानेवारी २०२४ पासून, व्हॅट १८ टक्के झाला. २०१९ मध्ये तो ८ वर आला तेव्हा आनंद झालेल्या आम्हा सगळ्यांत ती एकटीच अजून त्या ऑफिसात आहे. आता १८ टक्क्यांची बिलं तीच करते.