बचनागातला नाग

‘बचनाग’ या विषारी कंदाच्या नावातला नाग म्हणजे सापच, असं कुणीतरी म्हटलंय. मला ते पटत नाही. मूळ संस्कृत शब्द वत्सनाभ. म्हणजे वासराची बेंबी, कंदाच्या आकारावरून. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात विषांची नऊ नावं आहेत, त्यांत काकोल, कालकूट, हलाहल यांच्या पंगतीला वत्सनाभही बसलाय. (‘सौराष्ट्रिक’ नावाचं विषही आहे तिथे, सौराष्ट्रवाल्यांनी काय घोडं मारलं होतं कोण जाणे!)

वत्सचं प्राकृतात वच्छ झालं. आपल्याकडे त्याच घराण्यातून वासरू आलं, हिंदीत बछडा. त्यामुळे ‘बच’ हे रूप उत्तरेकडून आलेलं वाटतं. कंदही हिमालयातलाच, मालाबरोबर नाव आलं असणार. नाभचा नाग मात्र लोकांनी केला. विषारी वस्तू म्हटल्यावर नागच सुचणार ना!

एक सावधगिरी: आपल्याकडे कळलावीलाही काही ठिकाणी बचनाग किंवा खड्यानाग म्हणतात. ती वेल पूर्णपणे वेगळी, पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलते. कंद तिचाही विषारीच. वैद्य वत्सनाभ गोमूत्रात शुद्ध करून मगच वापरतात, तेव्हा नाव ऐकून कुठलाही कंद उकरू नका.