दहा हजार एमएएचची पॉवर बँक दोनदा का पुरत नाही?

प्रश्न असा, की १०,००० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) पॉवर बँक ५,००० एमएएचची बॅटरी असलेला फोन दोनदा का भरत नाही. फसवणूक नाही हो ती. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्ट करून बाहेर देताना आणि पुन्हा फोनमध्ये शिरताना बरीच वीज उष्णतेत जाते. दीड वेळा भरला तरी माल चांगला समजा. खोक्यावर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते, प्रत्यक्षात बाहेर मिळणारी खरी क्षमता तीच.

हरिश्चंद्रगडासारख्या ट्रेकच्या ठिकाणी तर रेंज शोधण्यातच फोन अर्धमेला होतो. पायथ्याच्या पाचनई गावातून चढायला लागतानाच एअरप्लेन मोड लावा. जीपीएस तरीही चालतं, नकाशा मात्र आधी उतरवून ठेवा. आणि विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये चालत नाही.