मदत हवी आहे : काळ्या जमिनीत लिंगायत दफनाचा खड्डा पावसाळ्यात कसा टिकवावा?

आमच्या गावच्या रुद्रभूमीत (लिंगायत दफनभूमीत) वरचे पाच-सहा फूट निव्वळ काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. बसत्या दफनाला खड्डा लांबीने कमी पण खोल लागतो. मांडी घातलेल्या देहाचं डोकं जमिनीपासून किमान अडीच-तीन फूट खाली राहायला हवं, म्हणजे साधारण सहा फूट खोली. देह बसवायला आतल्या भिंतीत कोनाडा खणतात, आणि घोटाळा तिथेच होतो: वरची ओली माती निराधार राहते आणि जंगम (लिंगायत पुरोहित) पूजेला उतरले की डोक्यावर ढेकळं सुटतात. विधी चालू असताना हे फारच वाईट. चार फुटांवर पाणीही लागतं.

कोनाडा न खणता मधोमध बसवलं तर चालतं का? की सिमेंटची विहिरीची रिंग उतरवावी? तळ उघडाच राहील, म्हणजे देहाला मातीचा स्पर्श तुटणार नाही. पक्कं बांधकाम मात्र नको, पुढे ती जागा अडून बसते.

दुसरं, देह रात्रभर शीतपेटीत ठेवला की सांधे आखडतात. थंडीने ताठरपणा उतरायलाही वेळ लागतो. मग डाव्या तळहातावर इष्टलिंग (लिंगायत अंगावर धारण करतात ते छोटं लिंग) नीट राहत नाही. मृत्यूनंतर दोनेक तासांत मांडी घालून, पाठीला फळी देऊन बांधतात हे माहीत आहे. पण उशीर झालाच तर काय करता? जबरदस्तीने वाकवणं नको वाटतं.

मीठ, विभूती किती घालता तेही सांगा.